सतरा टक्के : कुंभकोणम्‌ची भातकोठारे आणि धान्यातले पाणी

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणम्‌हून तंजावरच्या रस्त्याला लागले की काही कोसांवर पापनाशम् नावाचे गाव लागते. तेथील तिरुप्पालैत्तुरै या शिवस्थानाच्या आवारात विटांची एक गोल, घुमटाकार इमारत उभी आहे. कुंभकोणम्‌ला येणारे यात्रेकरू महामहम् तलाव पाहतात, सारंगपाणी आणि कुंभेश्वर यांचे दर्शन घेतात, आणि या इमारतीकडे न वळता पुढे जातात. ती मंदिर नाही आणि समाधीही नाही. ते भाताचे कोठार आहे. तंजावरच्या नायक राजांच्या काळात, १६०० ते १६३४ या दरम्यान, ते बांधले गेले. उंची सुमारे ३६ फूट, आणि सामावणूक तीन हजार कलम भाताची, असे सांगतात. (कलम हे माप गावोगाव बदलणारे असल्याने त्याचे आजच्या टनांत रूपांतर करण्याच्या भरीस मी पडत नाही.) तमिळनाडूच्या पुरातत्त्व खात्याने ही वास्तू संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केली आहे. श्रीरंगम्‌च्या मंदिरातही अशीच गोल कोठारे आहेत.

प्रशासनाच्या इतिहासात रस असलेल्या माणसाने या इमारतीसमोर थोडे थांबावे असे मला वाटते. पाटण्याचा गोलघर सर्वांना ठाऊक असतो. १७७० च्या बंगालच्या दुष्काळानंतर कंपनी सरकारने तो बांधायला घेतला आणि १७८६ मध्ये कॅप्टन जॉन गार्स्टिन याने तो पूर्ण केला. तो कधीच पूर्ण भरला गेला नाही, आणि त्याची दारे आतल्या बाजूस उघडत असल्याने भरला असता तर ती उघडलीच नसती, अशी एक गोष्ट पाटण्यात अजून सांगितली जाते. पापनाशम्‌चे कोठार त्याच्या दीडशे वर्षे आधीचे आहे, आकाराने कितीतरी लहान आहे, आणि ते प्रत्यक्ष वापरासाठी होते. एक इमारत दुष्काळाच्या भीतीतून उभी राहिली, तर दुसरी दरवर्षी येणाऱ्या पिकाच्या हिशेबातून. माझ्या मते प्रशासकाने शिकायचे ते दुसरीकडून.

कावेरीच्या मुखप्रदेशात भात साठवणे ही सोपी गोष्ट नाही. आपल्याकडे, म्हणजे दख्खनच्या पठारावर, ज्वारी पेवात ठेवण्याची रीत होती. सोलापूर, मराठवाडा, खानदेश या भागांत गावाच्या उंचवट्यावर, मुरुमाच्या किंवा पांढरीच्या जमिनीत खोल पेव खणायचे, आतून कडबा आणि भुसा लावायचा, धान्य भरून तोंड मातीने लिंपून टाकायचे. आत कोंडलेले धान्य श्वास घेते. होय, कापून मळलेले धान्यही सजीवच असते. प्राणवायू संपतो, कर्बवायू साठतो आणि त्या हवेत किडे जगत नाहीत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये, आधी दिवा सोडून पाहावा, ही जुन्या माणसांची ताकीद याच कारणाने होती. ती न पाळल्याने माणसे दगावल्याच्या घटना अनेक आहेत. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आज आपण शिकवणीवर्गांना आणि बांधकाम व्यावसायिकांना लावतो, पण मूळचे पेव ही अत्यंत शांत, बंद आणि कोरडी जागा होती. कोरडेपणा ही तिची पहिली अट. ज्वारी थंडीच्या अखेरीस निघते, पुढे तीन महिने कडक ऊन असते, आणि धान्य पेवात जाते तेव्हा ते खुळखुळत असते.

कुंभकोणम्‌ला यातले काहीच शक्य नाही. गाव कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मध्ये वसले आहे. थोडे खणले की पाणी लागते, म्हणजे पेवाचा प्रश्नच मिटला. शिवाय तेथील मुख्य पाऊस आपल्यासारखा जून ते सप्टेंबरचा नाही. तो ऑक्टोबर ते डिसेंबरचा, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. आपल्याकडे दिवाळीत भात खळ्यावर वाळत असते, त्याच वेळी तिकडे आभाळ फाटलेले असते. म्हणून तमिळ घरांतील साठवण जमिनीच्या वर गेली. मातीची उभी, पोकळ 'कुदिर', लाकडाचा पेटीसारखा 'पत्तायम', पेंढ्याच्या जाड दोरांचे वेटोळे घालून उभारलेली साठवण, अशी अनेक साधने होती. कोकणातील वाचकांना शेवटचा प्रकार वाचून भाताची मुडी आठवेल. पेंढ्याचे आवरण पाऊस बाहेर ठेवते आणि आतली वाफ मात्र बाहेर जाऊ देते. तागाच्या पोत्याला यातले पहिले काम जमत नाही आणि प्लॅस्टिकच्या ताडपत्रीला दुसरे.

येथे थोडे शास्त्र सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचा सारा प्रशासकीय इतिहास त्याच्यावरच उभा आहे. शेतातून कापलेल्या भातात साधारण वीस ते पंचवीस टक्के पाणी असते. निर्धास्तपणे काही महिने साठवायचे तर ते चौदा टक्क्यांच्या आसपास यावे लागते. धान्य भोवतीच्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असते. हवा दमट असेल तर वाळवलेले भातही पुन्हा पाणी पिते. हवेतील आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या घरात असेल तोवर भात तेरा-चौदा टक्क्यांवर स्थिरावते आणि बुरशीला वाव मिळत नाही. त्यापुढे मात्र गणित वेगाने बिघडते. ओले धान्य अधिक श्वास घेते, त्या श्वसनातून उष्णता आणि पाणी निर्माण होते, त्या पाण्याने ते आणखी ओले होते. ढिगाच्या पोटात हात घातला की चटका बसतो, आणि मग दाणा पिवळा पडतो, वास येतो, मोड फुटतात. हे सारे व्हायला महिने लागत नाहीत, दोन-चार दिवस पुरतात.

आणखी एक गोष्ट आहे, जी कागदावर कोणी लिहीत नाही. वरून कोरडा दिसणारा साठाही आतून ओला होऊ शकतो. कोठाराच्या भिंती रात्री थंड होतात, मधला ढीग उबदार राहतो, त्या फरकाने ढिगात हवा फिरू लागते आणि ती मधले पाणी उचलून वरच्या थंड थरात सोडते. म्हणजे एकही थेंब बाहेरून न येता वरचा थर कुजतो. पापनाशम्‌च्या कोठाराची जाड वीटभिंत आणि घुमट पाहताना मला हेच सुचले : जाड भिंतीमुळे दिवस-रात्रीचा फरक आत पोचत नाही आणि घुमटावर पाणी थांबत नाही. बांधणाऱ्यांनी असा विचार लिहून ठेवला होता असा माझा दावा नाही. पण चार पावसाळे धान्य कुजताना पाहिलेल्या माणसाला हे शिकायला ग्रंथ लागत नाही. कौटिल्याने कोठाराध्यक्षाच्या प्रकरणात धान्य उंचावर ठेवावे असे सांगितले आहे, तेही अशाच अनुभवातून आले असणार. पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती या तीन कोठ्यांची जाड दगडी बांधणी आणि वरून धान्य ओतण्याची भोके पाहिलेल्या वाचकांना दोन्हीकडची जात एकच आहे हे लगेच जाणवेल.

नायकांनंतर १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे तंजावरचे धनी झाले आणि पुढे १८५५ पर्यंत भोसले घराणे तेथे राहिले. कुंभकोणम् हे त्यांच्या राज्याच्या पाच सुभ्यांपैकी एक. पट्टुकोट्टै, मन्नारगुडी, मायावरम् आणि तिरुवैयारु हे उरलेले चार. या राज्याचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः भात. राजाचा वाटा 'मेलवारम्' आणि कसणाऱ्याचा 'कुडिवारम्' अशी विभागणी खळ्यावर व्हायची. सरकारने स्वतः धान्याचा वाटा उचलण्याच्या व्यवस्थेला 'अमानी' म्हणत. अमानीत राजाच्या पदरी पडतो तो भाताचा ढीग. तो मोजायचा, वाहायचा, साठवायचा आणि भाव आला की विकायचा, ही सारी कामे सरकारची.

म्हणजेच धान्यातील पाणी ही सरकारची अडचण होती. वाचकांनी हा मुद्दा लक्षात ठेवावा. खळ्यावर वाटणी मापाने व्हायची, वजनाने नव्हे. चोळांच्या काळापासून तंजावरच्या मंदिरांत मापांना नावे होती. राजराजाच्या बृहदीश्वर मंदिरातील लेखांत 'आडवल्लान्' या मापाचा उल्लेख येतो, ते त्या देवाच्याच नावाचे. वजन करताना धान्यातले सगळे पाणी पैशात मोजले जाते. मापात मात्र त्याचा तितका फायदा मिळत नाही, कारण ओला दाणा फुगून जागा अधिक अडवतो. आज आपण मापाला मागासलेपणाचे लक्षण समजतो. या एका बाबतीत ते वजनकाट्यापेक्षा शहाणे होते.

राजाकडे आलेल्या भाताचा एक मोठा वाटेकरी म्हणजे छत्रे. रामेश्वरच्या यात्रामार्गावर तंजावरच्या मराठा राजघराण्याने अन्नछत्रांची मालिका उभारली. दुसऱ्या सरफोजी राजांनी ओरतनाडला मुक्तांबाबाईंच्या नावाने उभारलेले छत्र त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, पण छत्रांची व्यवस्था राजांनी आपल्या हाती राखली. रोज येईल त्याला शिजलेला भात घालायचा, तोही बारा महिने, तर साठा बारा महिने टिकला पाहिजे. छत्रांविषयी आपण धर्म आणि औदार्य या शब्दांत बोलतो. ते योग्यच आहे. पण ऐन पावसाळ्यातल्या मार्गशीर्षात पंगतीला न कुजलेला तांदूळ असणे ही कोठीवाल्याची कामगिरी होती. शिवाजी महाराजांचे, राज्याभिषेकाच्या सुमारासचे, चिपळूणच्या छावणीविषयीचे पत्र मराठी वाचकांना परिचित आहे. पावसाळ्यासाठीचा दाणावैरण आताच उधळला तर पुढे काय, उंदराने दिव्याची वात नेली तर गंजी पेटतील, इतक्या बारकाव्याने लिहिणारी ती दृष्टी याच कुळातील.

पुढे कंपनीच्या अमलात धान्याचा वाटा हळूहळू रोख रकमेत बदलला. हा बदल महसुलाच्या इतिहासात नेहमी येतो, पण त्याचा एक परिणाम दुर्लक्षित राहतो. ज्या दिवशी सरकारने भाताऐवजी रुपये घेतले, त्या दिवशी भातातले पाणी मिरासदाराच्या आणि व्यापाऱ्याच्या माथी गेले. सरकारी कोठारांची गरज संपली, कोठीची विद्याही संपली. कलेक्टर कचेरीतील दप्तरे वाढली आणि घुमटाखालची जागा रिकामी झाली. याच कुंभकोणम्‌मध्ये १८२८ साली जन्मलेले टी. माधवराव पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. तंजावरच्या देशस्थ मराठी घराण्यांनी त्या शतकात देशाला किती कारभारी दिले याची मोजदाद व्हायला हवी. ती पिढी नव्या, रोख रकमेच्या, कागदाच्या प्रशासनात वाढली आणि त्यात चमकली. धान्याच्या ढिगाशी तिचा संबंध आकड्यापुरता होता.

ढीग सरकारकडे परत आला तो दुसऱ्या महायुद्धात. १९४३ नंतर मद्रास इलाख्यात सक्तीची खरेदी आणि शिधावाटप सुरू झाले. १९५२ साली राजगोपालाचारींनी ते उठवले, पण थोड्याच वर्षांत प्रश्न पुन्हा उभा राहिला. १४ जानेवारी १९६५ रोजी भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले आणि त्याचे पहिले जिल्हा कार्यालय तंजावरला उघडले गेले. हा योगायोग नव्हता. तंजावर हा सघन कृषी जिल्हा योजनेतील मोजक्या जिल्ह्यांपैकी एक होता आणि तेथे भाताचे उत्पादन झपाट्याने वाढावे अशी दिल्लीची अपेक्षा होती.

ते वाढलेही. कुंभकोणम्‌जवळच्या आडुतुरै येथील भात संशोधन केंद्राने त्याच दशकाच्या मध्यात 'एडीटी २७' हे वाण दिले. जपानी 'नोरिन १०' आणि मद्रासचे 'जीईबी २४' यांच्या संकरातून ते निघाले होते. सुमारे साडेतीन महिन्यांत तयार होणारे, खताला प्रतिसाद देणारे हे वाण कुरुवै हंगामात घेता येऊ लागले. जूनमध्ये मेट्टूर धरणाचे पाणी सुटले की पेरणी, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणी. मागून सांबा किंवा ताळडीचे दुसरे पीक. कागदावर हे सुंदर दिसते. प्रत्यक्षात जुने, दीर्घ मुदतीचे सांबा भात जानेवारीत, पोंगलच्या कोरड्या उन्हात निघत असे आणि खळ्यावरच वाळत असे. नवे कुरुवै भात नेमके पावसाच्या तोंडावर निघू लागले. ते वाळवायला ऊन नाही, घरात ठेवायला जागा नाही, कारण जुनी साधने एका पिकाच्या हिशेबाने बांधलेली. त्यातून अशा लवकर पिकणाऱ्या वाणांच्या दाण्याला विसावा कमी असतो. ओल मिळाली की ओंबीतच मोड येतात. हरितक्रांतीच्या गौरवकथांत उत्पादनाचे आकडे असतात. हंगाम पावसाच्या बाजूला तीन महिने सरकला, ही गोष्ट त्यांत नसते.

तंजावरच्या शास्त्रज्ञांना मात्र ती लगेच कळली. फोर्ड फाउंडेशनच्या सहाय्याने देशात उभारलेल्या पहिल्या आधुनिक भात गिरण्यांपैकी एक तिरुवारूरला होती, तंजावर सहकारी पणन संघाची. तेथे १९६७ साली एक लहान प्रयोगशाळा सुरू झाली. म्हैसूरच्या अन्नतंत्र संशोधन संस्थेचे पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन यांनी निवृत्तीनंतर या कामात लक्ष घातले. पाऊस उघडेपर्यंत ओले भात काही दिवस तगवायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. भाताला मीठ आणि तुसाची पूड लावून ठेवण्यासारखे स्वस्त उपायही त्यांनी तपासले. भात भिजवून, उकडून मग वाळवण्याची दक्षिणेची जुनी पद्धत ओल्या भातालाही चालते, तीही त्यांनी सुधारली. या प्रयोगशाळेचे पुढे भात प्रक्रिया संशोधन केंद्र झाले, ते तंजावरला आले, नाव दोन-तीनदा बदलले, आणि २०२१ मध्ये संसदेच्या कायद्याने तिला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. ओल्या भाताच्या एका हंगामातून जन्मलेली संस्था एवढी मोठी झाली, याचे मला फार कौतुक वाटते.

ओले भात मात्र अजून तिथेच आहे. तमिळनाडू नागरी पुरवठा महामंडळ आपल्या थेट खरेदी केंद्रांवर भात घेते आणि २००२ पासून राज्यात विकेंद्रित खरेदीची पद्धत आहे. केंद्राच्या निकषानुसार भातातील आर्द्रता सतरा टक्क्यांहून अधिक असता कामा नये. हा आकडा मनमानी नाही. शंभर किलो भात बावीस टक्के ओले असेल तर त्यात कोरडा माल ७८ किलो. तेच सतरा टक्क्यांवर आणले तर ते ९४ किलो भरते. म्हणजे बावीस टक्क्यांचे भात त्याच भावाने घेणे हे प्रत्येक शंभर किलोमागे सहा किलो पाणी विकत घेण्यासारखे आहे, आणि वर ते कुजण्याची जोखीम. दिल्लीतील अधिकाऱ्याची काटकसर समजण्यासारखी आहे. पण कुंभकोणम् परिसरातील शेतकऱ्याने ऑक्टोबरच्या पावसात ते सतरावर आणायचे कसे? तो रस्त्यावर भात पसरतो, सर आली की गोळा करतो, पुन्हा पसरतो. शिवाय फार घाईने, कडक उन्हात वाळवलेल्या दाण्याला चिरा जातात आणि गिरणीत त्याची कणी होते. तो तोटा पुढे कोणाच्या तरी खात्यात पडतोच.

म्हणून एक ठरलेला क्रम तयार झाला आहे. पाऊस येतो, राज्य सरकार दिल्लीला सवलतीसाठी लिहिते, केंद्रीय पथक येते, नमुने घेते, प्रयोगशाळेचा अहवाल जातो आणि मग आदेश निघतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मर्यादा १९ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली. प्रत्येक पायरी आपल्या जागी रास्त आहे, पथकातील अधिकारीही कर्तव्यच करत असतात. अडचण एवढीच की पत्राला आणि अहवालाला जितके दिवस लागतात, त्याहून कमी दिवसांत ढीग तापतो. सवलत पोचते तेव्हा ज्यांना तिची खरी गरज होती त्यांचे भात व्यापाऱ्याकडे पडेल भावाने गेलेले असते.

गोदामातही हेच पाणी पुन्हा भेटते. सतरा टक्क्यांनी घेतलेले शंभर किलो भात चौदावर आले की साडेशहाण्णव किलो उरते. साडेतीन किलो कोणी चोरले नाही, ते उडून गेले. साठ्याचा हिशेब वजनावर चालत असल्याने ही घट लेखापरीक्षणात 'तूट' म्हणून येते आणि कोठीवाल्याला खुलासा द्यावा लागतो. उत्तरेकडे उलट आहे : गहू एप्रिल-मेच्या उन्हात कोरडा ठणठणीत घेतला जातो आणि पावसाळ्यात दमट हवा पिऊन वजनाने वाढतो. तेथे साठा 'वाढतो', आणि त्या वाढीच्या आडून काय काय झाकले जाते, हे पुरवठा खात्यात काम केलेल्यांना सांगायला नको. माझ्या सेवेच्या सुरुवातीला एका जिल्ह्यात एका वयस्क गोदामपालाने मला सांगितले होते की साहेब, वजनाआधी दाणा दाताखाली धरा. कट् वाजला तर वजन खरे, दबला तर वजन खोटे. आज त्याच कामासाठी खरेदी केंद्रांवर विजेवर चालणारा आर्द्रतामापक असतो. त्याची वेळोवेळी पडताळणी झाली तरच तो दातापेक्षा बरा.

पावसाळी खरेदीसाठी दुसरे मार्ग सुचवले गेले आहेत आणि त्यांत नवल असे काही नाही. आर्द्रतेनुसार भाव उतरत जाणारी श्रेणी आधीच जाहीर करावी, म्हणजे सवलत मागायलाच नको. खरेदी केंद्रांच्या गटाला तुसावर चालणारे वाळवणी यंत्र द्यावे. तूस तर गिरण्यांच्या दारातच पडलेले असते. आणि उघड्यावर, फळ्यांवर रचून ताडपत्री घातलेल्या थप्प्यांऐवजी छप्पर असावे. यांपैकी छपराचे काम राज्यात थोडेफार झाले आहे. श्रेणीचे भाव हा दिल्लीचा विषय आहे, आणि तेथे ओलाव्याची टक्केवारी अजूनही हंगाम सुरू झाल्यावर, अर्ज आल्यावरच विचारात घेतली जाते. अमानीच्या काळी हा निर्णय सुभ्याच्या ठिकाणी, खळ्यावर उभे राहून होत असे.